पाच विसाला एक कमी

बाई गेल्या त्या दिवशी नगरच्या दफनभूमीत तीन पिढ्या उभ्या होत्या. बाईंकडे मुळाक्षरं गिरवलेले आम्ही साठीचे लोक होतो, आमच्यापैकी कित्येकांची मुलंही बाईंच्याच हाताखालून गेलेली होती, आणि निवृत्तीनंतर रविवारच्या शाळेत ज्यांना बाई गोष्टी सांगत ती लहान पोरं आयांचे पदर धरून उभी होती. पाळकसाहेब म्हणाले, ‘आपली ही भगिनी आदर्श शिक्षिका होती, प्रेमळ माता होती आणि मंडळीची निष्ठावान सभासद होती.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी काही वर्षं बाईंच्या घरात वाढलो, आणि तिथे मला ही तीन कामं कधी वेगवेगळी दिसली नाहीत. शाळेत हजेरीपट उघडला असो, चुलीपुढे ताटं मांडली असोत, की रात्रीची प्रार्थना चाललेली असो, बाईंची नजर एकाच गोष्टीवर असायची: आज कोण आलं नाही? माझं सगळं आयुष्य त्या नजरेमुळे घडलं. ते कसं, हे लिहून ठेवायला हवं.

आम्ही धनगर. पारनेर तालुक्यातल्या माळावरचे. दसरा झाला की आमचा वाडा हलायचा. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि तान्ही पोरं, मागे मेंढरं आणि कुत्री. ओतूरच्या बाजूने माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणकडच्या भाताच्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याच्या बदल्यात दाणे आपल्याला. वळवाचे ढग दिसायला लागले की पुन्हा घाट चढून माळावर. या फेऱ्यात शाळा कुठेच बसत नव्हती. आमच्या घरात तोवर कोणी शाळेत गेलेलं नव्हतं आणि गेलं नाही म्हणून कोणाचं काही अडलंही नव्हतं.

१९७२च्या दुष्काळाने हा फेरा मोडला. कळपातली निम्मीअधिक मेंढरं गेली. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जाऊ लागले. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. शाळेत पोरांना सुकडी वाटतात असं आजीच्या कानावर आलं आणि तिने माझ्या हातात एक जर्मनची वाटी देऊन मला पिटाळलं. बाई त्याच सुमाराला आमच्या गावी बदलून आल्या होत्या. सुकडीच्या रांगेतल्या प्रत्येक पोराला त्या नाव विचारत. नाव सांगितलं की वाटीत सुकडी पडायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव त्या वर्गात मोठ्याने पुकारायच्या. मला म्हणाल्या, “खायला आलास, छान केलंस. आता बसायला पण येत जा.”

नाव दाखल करायचं तर जन्मतारीख हवी. त्या काळात मास्तर लोक सरसकट १ जून लिहून मोकळे व्हायचे; माझ्या पिढीतल्या हजारो खेडूत पोरांच्या दाखल्यावर तीच तारीख आहे. बाईंनी आजीला बोलावून घेतलं. “हा झाला तेव्हा वाडा कुठं होता?” आजी विचारात पडली. मग म्हणाली, “कोकणातनं वर येत हुतो. वतूरच्या बाजारात पयले आंबं आलं हुतं. ह्याच्या आयला येक खायाला दिला मी.” बाईंनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, त्या साली पाऊस कधी पडला, मेंढरं कातरून झाली होती का, आणि मे महिन्याचा दुसरा आठवडा धरून तारीख लिहिली. माझ्या जन्माची चौकशी एवढ्या आस्थेने करणारं माणूस आजीला पहिल्यांदाच भेटलं होतं. पुढे बाईंविषयी गावात कोणी काही वावगं बोललं की आजी या आंब्याची आठवण काढायची.

वावगं बोलणारे होते. बाई ख्रिस्ती. मूळ घराणं नेवासे तालुक्यातलं, वेशीबाहेरच्या वस्तीतलं. आजोबा वडाळ्याच्या मिशनमध्ये लिहायला-वाचायला शिकले आणि खेड्यातल्या मिशनच्या शाळेवर मास्तर झाले. आजी बायबल-बाई होती. वस्त्या-वस्त्यांवर जाऊन बायकांना वाचून दाखवायची. बाई नगरला बोर्डिंगात राहून शिकल्या, ट्रेनिंग कॉलेज केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. बाईंना आपल्या घराण्यातल्या या शिक्षणाचा फार अभिमान होता आणि तो नगरच्या इतिहासाशी जोडलेला होता. त्या आम्हाला सिंथिया फरारबाईंविषयी सांगायच्या. अमेरिकेतून १८२७ साली एकटीने मुंबईत आलेली ही अविवाहित बाई १८३९ साली नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली इथेच वारली. तिच्या नगरमधल्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. बाई म्हणायच्या, “नगरातली एक शाळा बघून पुण्यात दुसरी निघाली. शाळा अशीच पसरते. एकाने नीट चालवली की दुसऱ्याला धीर येतो.”

अशा बाईंना गावात खोली मिळायला मात्र महिना गेला. जिथे जिथे विचारलं तिथे आधी जात विचारली गेली. शेवटी गावातल्या एका मुसलमान कुटुंबाने आपली पडवी दिली. तिथे बाई, त्यांची तीन मुलं आणि एस.टी.त कंडक्टर असलेले त्यांचे यजमान राहू लागले. यजमानांना सगळे दादा म्हणत. त्यांची ड्यूटी मुक्कामी गाडीवर असायची, त्यामुळे एक दिवसाआड घर बाईंवरच असायचं.

दुष्काळ सरला. वडिलांनी उसनवारी करून पुन्हा मेंढरं जमवली. दसरा आला आणि वाडा निघाला. मी निघालो हे शाळेत सांगायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं. पहिला मुक्काम गावापासून दोन कोसांवर, एका कापणी झालेल्या बाजरीच्या रानात पडला. दिवस मावळला होता. वडील आणि चुलता वाघर लावून मेंढरं आत घेत होते. कुत्री भुंकायला लागली म्हणून पाहिलं तर बांधावरून बाई येताना दिसल्या. एकट्या. पायांत धुळीने माखलेल्या चपला, खांद्यावर पदर, हातात बॅटरी.

वडिलांना त्यांनी सरळच विचारलं, “ह्याला ठेवून जाता का?”

वडील म्हणाले, “बाई, ह्याला हितं ठिवला तर कोकरामागं कोन फिरनार?”

“तुमची मेंढरं किती आता?”

“आसत्याल पाच इसा.”

“त्यातलं एक मागं राहिलं तर कळतं तुम्हाला?”

वडील हसले. “कळतं म्हंजी? त्याची आय वरडती की. आन् न्हाई वरडली तरी मला दिसतंय.”

“मलाही दिसतं,” बाई म्हणाल्या. “आज माझ्या वर्गात हा नव्हता.”

वडिलांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. वाघरीची शेवटची खुंटी ठोकून झाली, मग ते आईकडे वळले. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने उठून आपल्या अंगावरची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. वडील एवढंच म्हणाले, “ठिवा. पन त्याला उपाशी ठिवू नका.” त्या अंधारात बाईंचा हात धरून मी गावाकडे परतलो. आई-वडिलांपासून दूर राहण्याचं दुःख झालंच, रात्री घोंगडीत तोंड खुपसून रडलोही. पण आपल्यासाठी कोणीतरी दोन कोस चालत आलं, ही गोष्ट त्या वयातही मनात रुतून बसली.

त्या वर्षापासून चौथी होईपर्यंत दसरा ते वळीव मी बाईंच्या पडवीत राहिलो. बाईंच्या घरी तीन ताटं होती, ती चार झाली. कंडक्टरच्या आणि प्राथमिक शिक्षिकेच्या पगारात त्या काळी काही फार उरत नसे. दूध एक शेर यायचं. ते आधी तिघांत वाटलं जायचं, मग चौघांत वाटलं जाऊ लागलं. पेला कोणाचा किती भरला हे मुलं बघतात, मीही बघायचो. चारही पेले एकाच रेषेपर्यंत भरलेले असायचे. थोरलीने एकदा कुरकुर केली, तेव्हा बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. आपल्या चहातलं दूध काढून त्यांनी तिच्या पेल्यात ओतलं आणि स्वतः कोरा चहा प्यायल्या. पुढे त्यांना कोऱ्या चहाचीच सवय लागली. म्हातारपणीसुद्धा त्यांना दुधाचा चहा कोणी दिला तर “मला नाही आवडत” असं म्हणायच्या.

माझी आजी मात्र सुरुवातीला धास्तावलेली होती. ती थकल्यामुळे वाड्याबरोबर जात नसे, गावातच असायची. “तिच्या घरचं पानी पिऊ नगं” असं तिने मला बजावलं होतं. बाईंना हे कळलं. त्यांनी आजीला काही समजावलं नाही. रोज संध्याकाळी त्या मला आजीकडे पाठवायच्या आणि सांगायच्या, “पाणी तिच्या माठातलं पिऊन ये, तिला बरं वाटेल. आणि आज शिकलेलं तिला वाचून दाखव.” महिना-दोन महिने असेच गेले. पहिल्या थंडीत आजीला दमा लागला तेव्हा बाईंनी दोन रात्री तिच्या उशाशी काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने स्वतःहून बाईंच्या हातचा काढा घेतला. त्यानंतर पाण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

रात्री जेवणं झाली की कंदिलाच्या उजेडात सगळे प्रार्थनेला बसायचे. बाई बायबलमधला एखादा उतारा वाचायच्या, मुलं प्रभूची प्रार्थना म्हणायची. मला त्यांनी कधी हात जोडायला सांगितलं नाही. “तुला हवं तर बस, नाही तर झोप,” म्हणायच्या. मी डोळे उघडे ठेवून बसायचो. शेवटी बाई एक छोटी वही काढायच्या. शाईच्या पेनाने लिहिलेली, कोपरे दुमडलेली. त्यात त्या आठवड्यात शाळेला न आलेल्या मुलांची नावं असत. एकेक नाव त्या हळू वाचायच्या आणि नावापुढे थोडं थांबायच्या. कुंभाराच्या पोराचं नाव, मांगवाड्यातल्या दोन बहिणींची, ज्याच्या बापाने त्याला सालाने ठेवलं होतं त्या पोराचं. मला नवल वाटायचं. एकदा मी विचारलं, “बाई, देवाला ही पोरं माहीत नाहीत का?” त्या म्हणाल्या, “देवाला सगळी माहीत आहेत रे. विसर मला पडतो. त्याच्यासमोर नाव घेतलं की उद्या सकाळी टाळता येत नाही.”

आणि खरंच टाळायच्या नाहीत. सकाळी शाळेआधी त्या वहीतल्या एका तरी घरी जाऊन यायच्या. त्यांची प्रार्थना अशी दुसऱ्या दिवशी पायांनी पुरी व्हायची. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ धार्मिक माणसं जवळून पाहिली, निरनिराळ्या धर्मांची. श्रद्धा खरी की वरवरची हे ओळखायचं माझं माप तिथे, त्या पडवीत तयार झालं.

रविवारी पहिल्या एस.टी.ने बाई मुलांना घेऊन नगरला चर्चला जायच्या. पहिल्यांदा मला नेण्याआधी त्यांनी वडील येईपर्यंत वाट पाहिली आणि त्यांची परवानगी घेतली. वडील म्हणाले, “देवाच्याच दारात न्यायचंय ना? न्या की.” रविवारसाठी बाईंचं एक पांढरं पातळ राखून ठेवलेलं असे. बायबल स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. मी मागच्या बाकावर बसायचो. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीवर भजनं सुरू झाली की मला आमच्या बिरोबाच्या जागराची आठवण यायची. ही भजनं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला ते नाव ओळखीचं वाटलं, कारण पाठ्यपुस्तकात त्यांची कविता होती. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. पण अभंगाचा ठेका आणि ओवीची चाल त्यांनी सोडली नाही. आमच्या माळावरच्या पोराला त्या चर्चमध्ये परकं वाटलं नाही, याचं श्रेय मी बाईंच्या बरोबरीने टिळकांनाही देतो.

अशाच एका रविवारी पाळकसाहेबांनी लूककृत शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायावर उपदेश केला. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात. एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला जातो. सगळी मंडळी भक्तिभावाने ऐकत होती. मी मात्र अस्वस्थ झालो. पाच विसाला एक कमी. हा तर माझ्या बापाचाच हिशोब होता. परतीच्या गाडीत मी बाईंना म्हणालो, “पण बाई, तो गेल्यावर मागं लांडगा आला तर? आमच्यात असं एकटं सोडून जात नाहीत. चुलता असतो, कुत्री असतात.”

बाईंनी माझा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. भाळवणी मागे पडेपर्यंत त्या विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. नव्व्याण्णवांना धोका असतोच. पण ती एकमेकांना धरून असतात. हरवलेल्याला धरायला कोणी नसतं. म्हणून आधी त्याच्याकडे जायचं.” पुढच्या रविवारी त्यांनी मला पाळकसाहेबांसमोर उभं केलं. “हा धनगराचा मुलगा आहे, ह्याची एक शंका आहे, ऐका,” असं म्हणाल्या. खेड्यातल्या एका आठ-नऊ वर्षांच्या पोराची शंका शिकल्यासवरल्या माणसासमोर मांडण्यासारखी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

गावात कुजबुज व्हायचीच. बाई पोराला बाटवणार, असं काहींचं म्हणणं. बाईंनी त्यावर कधी वाद घातला नाही. पौषात कोरठण खंडोबाची यात्रा आली की त्या स्वतः मला धुतलेला सदरा घालून आजीबरोबर पिंपळगाव रोठ्याला पाठवायच्या. भंडाऱ्याने पिवळा होऊन मी परत आलो की थोरली माझं कपाळ बघून हसायची आणि बाई म्हणायच्या, “धुऊ नकोस लगेच. आजीने लावलाय, राहू दे संध्याकाळपर्यंत.” नाताळात त्यांच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे व्हायचे. त्यातला एक डबा आजीकडे, एक ज्यांच्या पडवीत राहायचो त्या घरात, आणि वाडा कोकणात असला तरी एक पुडा माझ्या वडिलांसाठी दादा कल्याणच्या गाडीवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. तो पुडा कधी पोचायचा, कधी नाही. पण पाठवायचा कधी चुकला नाही.

बाईंचं शिकवणंही असंच माणसाला ओळखून असायचं. मला पाढे पाठ होत नव्हते. बाईंनी वडिलांना विचारून आमची मोजणी समजून घेतली आणि वर्गात विसांचा पाढा आधी घेतला. एक विसा वीस, दोन विसा चाळीस, पाच विसा शंभर. मी घडाघडा म्हणायला लागलो. आपल्या घरची विद्या शाळेतही चालते हे कळल्यावर मग बाकीचे पाढे आपोआप आले. वडील एकदा मला भेटायला शाळेत आले. अंगावर घोंगडी, हातात काठी. दारातच घुटमळत होते. बाईंनी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि मुलांना म्हणाल्या, “हे शंभर मेंढरं नुसत्या तोंडावरून ओळखतात. कोणतं आजारी आहे, कोणतं भुकेलं आहे, लांबून सांगतात. मी तुम्हा चाळीसांना अजून तेवढं ओळखत नाही. मला यांच्याकडून शिकायचंय.” वडील खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. त्यांनी त्यानंतर मला शाळेतून काढण्याची गोष्ट पुन्हा कधी केली नाही.

चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेत मी पास झालो, तेव्हा बाईंनी मला ‘स्मृतिचित्रे’ बक्षीस दिलं. चौथीतल्या मुलाला ते पुस्तक कसं झेपणार, असं दादा म्हणाले. बाई म्हणाल्या, “ठेवून देईल. लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? लग्न झाल्यावर अक्षरं शिकल्या त्या. ज्याच्या घरी कोणी शिकलेलं नाही त्यानेच हे वाचायचं.” मी ते खूप वर्षांनी वाचलं आणि मग कितीदा वाचलं त्याचा हिशोब नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे कळल्यावर बाईंना त्या इतक्या का आवडायच्या तेही उमगलं. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम आपलं मानून पुरं करायचं, हा बाईंचाही बाणा होता.

पुढे वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झालो, डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. नेमणूक पाथर्डी तालुक्यात झाली. तिथे मेंढरं नव्हती, कोयता होता. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये भरून कारखान्यांवर जायच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे जाणं भागच. आई-बापांबरोबर पोरं जायची आणि वर्गाची बाकं रिकामी व्हायची. पहिल्या वर्षी मी बाईंना पत्र लिहिलं की निम्मा वर्ग गेला. उलट टपाली कार्ड आलं. त्यात एकच प्रश्न होता: ‘ट्रक किती वाजता निघतात?’

मला उत्तर कळलं. पुढच्या वर्षापासून पहाटे ट्रक भरायच्या वेळी मी तिथे हजर राहू लागलो. हातापाया पडून, आजी-आजोबांना तयार करून, कधी चुलत्याकडे सोय लावून एकेक मूल खाली उतरवायचं. काही पोरं आमच्या घरी राहिली. माझ्या पत्नीने त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या आणि कधी चेहरा वाकडा केला नाही. नंतर शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू केली, १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला, शाळाबाह्य मुलांचे सर्वे निघाले, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आली. केंद्रप्रमुख म्हणून या सगळ्यांत मी काम केलं आणि या योजनांचं मोल मी जाणतो. पण कागदावर सोय असली तरी मूल ट्रकमधून खाली उतरतं ते कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारल्यावरच, हेही मी पाहिलं. ती हाक मी बाईंकडून शिकलो होतो.

बाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. नगरला गेलो की मी त्यांना माझ्या केंद्रातल्या गैरहजर मुलांची नावं सांगायचो आणि त्या ती पाठ करायच्या. पुढच्या भेटीत आठवणीने विचारायच्या, “ती टाकळीकडची मुलगी आली का परत?” आली म्हटलं की चेहरा उजळायचा. नाही म्हटलं की म्हणायच्या, “मग पुन्हा जा.”

माती देऊन घरी परतल्यावर थोरलीने मला आत बोलावलं. मी तिला ताई म्हणतो. तिच्या पुढ्यात बाईंच्या त्या वह्यांची चळत होती. सगळ्यात जुनी वही उघडून तिने एक पान माझ्यासमोर धरलं. वर माझं नाव होतं. ताई म्हणाली, “तुला एक सांगू? ज्या संध्याकाळी आई तुला आणायला गेली ना, तेव्हा मी तापाने फणफणले होते. दादा मुक्कामी गाडीवर. आईने मला शेजारच्या चाचींच्या स्वाधीन केलं आणि ती गेली. परत आली ती तुला घेऊन.”

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. काय बोलावं सुचेना. मी विचारलं, “ताई, राग नाही आला?”

“आला की. बरीच वर्षं होता. आम्ही तिघं त्या नव्व्याण्णवांतली रे. आम्हाला शोधायला कोणी आलं नाही, कारण आम्ही कधी हरवलोच नाही. पण मला मुलं झाली तेव्हा कळलं, आईला आमची खात्री होती म्हणून ती जाऊ शकली. त्या रात्री ती आली ना, तेव्हा सकाळपर्यंत माझ्या कपाळावरची घडी बदलत बसली होती. तू घोंगडीत रडत होतास, तुझ्याकडेही जाऊन येत होती.”

त्या वेळी मला बाईंच्या मातृत्वाचा खरा आवाका दिसला. इतकी वर्षं मी समजत होतो की मी बाईंचा ऋणी आहे. ते खरंच आहे आणि या जन्मात ते फिटायचं नाही. पण माझ्या वाट्याला आलेलं दूध कोणाच्या तरी पेल्यातलं होतं, माझ्यासाठी चाललेले दोन कोस एका तापलेल्या मुलीच्या उशापासून सुरू झाले होते. चांगल्या शिक्षकाचं कौतुक समाज करतो, पुरस्कार देतो. त्या शिक्षकाच्या घरातली मुलं आपल्या आई-बापाचा वेळ दुसऱ्यांच्या मुलांना देत असतात, तेही न मागता आणि बहुधा न सांगता. त्यांची नावं कुठल्याच वहीत लिहिलेली नसतात. माझ्या स्वतःच्या मुलांशीही मी त्या रात्री घरी येऊन या विषयावर बोललो. त्यांनीही पाथर्डीच्या पोरांबरोबर आपली ताटं वाटून घेतली होती.

तुमच्या आयुष्यात अशी एखादी बाई किंवा असे एखादे गुरुजी असतील, तर त्यांना जरूर भेटा. त्यांच्या मुलांनाही भेटा आणि तुमच्या आईचा, तुमच्या वडिलांचा वेळ आम्ही घेतला, असं त्यांना तोंडाने सांगा. मी ते सांगितलं आहे, आणि हे लिखाणही मी बाईंच्या तीन मुलांनाच अर्पण करतो. माझं शिक्षण, माझी नोकरी आणि ट्रकमधून उतरलेल्या सगळ्या पोरांची शाळा त्यांच्या वाट्यातून आली आहे.